राहून गेलेली पिन

वकीलसाहेबांची गाडी अकोल्यात रस्त्यापेक्षा आमच्या गॅरेजातच जास्त दिसायची. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, गर्द हिरवी. लढाईच्या आधीची. कापसाच्या धंद्यातला कोणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती विकून गेला आणि वकीलसाहेबांनी हौसेनं घेतली. शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची होती ती. इंजिनाच्या पुढच्या अंगाला तिला ब्लोअर होता, म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंप. इंजिन तापून ब्लोअर जोर धरू लागला की एक बारीक, चढती शिट्टी ऐकू यायची आणि गाडी अशी पुढे झेप घ्यायची की बसलेल्याची पाठ मागे आपटायची. वऱ्हाडात तशी दुसरी गाडी मी तरी पाहिली नाही.

छप्पन साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षातली गोष्ट आहे. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. गॅरेज मिस्त्रींचं होतं. त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, त्यामुळे बारीक कामं सगळी माझ्याकडे आली होती. ब्लोअरचं कामही असंच आलं. आत दोन लोखंडी लोळे एकमेकांना न शिवता एकमेकांभोवती फिरतात, मधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. बेअरिंग झिजल्यामुळे लोळे कवचाला घासत होते, तेल इंजिनात जात होतं आणि गाडीमागे निळा धूर सुटत होता. मुंबईहून बेअरिंगं यायला दीड महिना लागला. बाजूच्या झाकणांसाठी मी ड्रॉइंगचा कागद कापून, तेलात भिजवून चकत्या केल्या. जास्त जाड केल्या तर हवा निसटायची, बारीक केल्या तर लोळे अडकायचे. अकरा वेळा ते झाकण उघडलं आणि बसवलं. झोपेतसुद्धा ती फट दिसायची.

घरी या कामाचं कौतुक नव्हतं. आमचं घराणं भिक्षुकीचं. बाबा अकोल्यातल्या निम्म्या वकील-डॉक्टरांचे उपाध्याय. मी मॅट्रिक झालो, संहिता अर्धी म्हटली आणि गॅरेजात गेलो. बाबा एकदाच बोलले, "लोखंडाच्या मागे जाऊन राहिला, जाय." त्यानंतर त्या विषयावर ते बोललेच नाहीत. मी गॅरेजातून आलो की मागच्या दारानं यायचो, न्हाणीत अंघोळ करायचो, मगच माझं पान वाढलं जायचं. सात वर्षांत ते गॅरेजच्या रस्त्यानं कधी आले नव्हते. देवळात जायला तो रस्ता जवळचा होता, तरी लांबून जायचे.

माघातली गोष्ट. वाशीमला वकीलसाहेबांच्या थोरल्या बहिणीकडे वास्तुशांत होती. उपाध्याय बाबाच. वकीलसाहेब म्हणाले, गुरुजी, बसनं कशाला, आमच्या गाडीतून चला, तुमच्या मुलानंच दुरुस्त केली आहे. बाबांना नाही म्हणता आलं नाही. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला पहिल्यांदा गाडीबद्दल विचारलं.

"गाडी नीट हाये नं?"

"संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल. काळजी करू नका."

त्या संध्याकाळी मी गाडीखाली उताणा पडलो होतो. ब्लोअर काढायला जागा व्हावी म्हणून दोन पुढच्या चाकांना जोडणारी आडवी सळई मी एका बाजूनं सोडली होती. स्टिअरिंग फिरवलं की याच सळईनं दोन्ही चाकं एकत्र वळतात. ती पुन्हा बसवली, नट आवळला. त्या नटाला खाचा असतात. खाचेतून एक कॉटर पिन घालायची आणि तिचे पाय दोन बाजूंना वाकवायचे, की नट हादऱ्यानं सुटत नाही. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नवी पिन मी ओठांत धरली होती. वरून वकीलसाहेबांचा आवाज आला.

"झालं का रे? चालू करून दाखव, मला ऐकायचा आहे तो आवाज!"

मी बाहेर आलो. बोलायचं म्हणून पिन ओठांतून काढली आणि कामाच्या शर्टाच्या खिशात टाकली. किल्ली मारली. दुसऱ्या हिसक्याला इंजिन धरलं. धूर नाही. मी पाय दाबला आणि तीन महिन्यांनी ती शिट्टी वर चढत गेली. शेजारचा पंक्चरवाला आला, समोरच्या वखारीतले हमाल आले. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "क्या बात है." ते कधी कोणाला असं म्हणत नसत. वकीलसाहेबांनी मला शेजारी बसवून मूर्तिजापूर रोडवर दोन मैल नेऊन आणलं. परत येऊन त्यांनी मला गॅरेजाशी उतरवलं आणि गाडी थेट आपल्या बंगल्यावर नेली. कामाचा शर्ट खुंटीला टांगून मी तरंगतच घरी गेलो.

सकाळी बाबा सहाच्या आत निघाले. मी साडेसातला गॅरेजात पोचलो आणि कामाचा शर्ट खुंटीवरून काढून अंगात घातला. छातीला काहीतरी टोचलं. खिशात हात घातला. पिन हातात आली. तिचे पाय सरळ होते.

 ती दुसरीच कुठली पिन असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण मी दुकानातून एकच आणली होती आणि ती याच मापाची होती. मिस्त्री चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर तळहात धरला. एका डोळ्यानंही त्यांना कळलं.

"कौनसी?"

"सळईची."

त्यांनी कप खाली ठेवला. "पाना लागला होता न पूरा?"

"लागला होता. पण..."

"घाट हाय बीच में," मिस्त्री म्हणाले. पातूरच्या पुढचा. तिथल्या वळणावळणांवर नटावर कसा मार बसतो ते आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती. नट सुटला तरी सळई लगेच पडत नाही, तिचा खुंटा निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो. मैलभर बसेल, पन्नास मैल बसेल. आणि मग एखाद्या खड्ड्यात सुटेल. एक चाक इकडे, एक चाक तिकडे.

गॅरेजात लष्करातून निकाली निघालेली एक मोटारसायकल दुरुस्तीला आली होती. मालक बाळापूरचा होता. मागचा ब्रेक लागत नव्हता, सायलेन्सर काढून ठेवलेला. मिस्त्रींनी स्वतः तिच्या टाकीत पेट्रोल ओतलं.

"मालकाले मी सांगतो. तू निघ. पाना घे, पक्कड घे. अन् सोचू नको रस्त्यात."

विचार करू नको म्हणणं सोपं असतं. ती मोटारसायकल बंदुकीसारखी आवाज करत होती, रस्त्यातली गुरं बिथरत होती. गाडीत वकीलसाहेब होते, त्यांच्या पत्नी होत्या आणि पुढच्या सीटवर बाबा असणार होते, मांडीवर पोथीची पिशवी घेऊन. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल. काळजी करू नका. प्रत्येक छोट्या पुलाजवळ मी वेग कमी करून कठड्यापलीकडे पाहायचो. एका ठिकाणी ओल्या मातीत चाकांच्या खुणा रस्ता सोडून गेलेल्या दिसल्या. उतरून पाहिलं तर बैलगाडीच्या होत्या. उतरण्यात वेळ घालवला म्हणून स्वतःला शिव्या दिल्या आणि पुढच्या पुलाशी पुन्हा थांबलो.

पातूरला बसथांब्याजवळ एक चहावाला होता. त्याला विचारलं.

"हिरवी गाडी गेली का? बुटकी?"

"थे शिट्टी वाजवनारी? गेली न. लई वेळ झाला. काहून, काय झालं भाऊ?"

मी तसाच पुढे निघालो. पातूरच्या पुढे रस्ता चढू लागतो. सागाची पानं गळून पडलेली, दरी उघडी दिसत होती. ते आणखी वाईट होतं, कारण खालपर्यंत नजर जात होती आणि उन्हात चमकणारा प्रत्येक दगड मला काचेसारखा वाटत होता. तिसऱ्या वळणावर दहा-बारा माणसं दरीकडे तोंड करून उभी होती. मागचा ब्रेक नव्हताच, मी पाय जमिनीला घासत थांबलो. मोटारसायकल आडवी टाकली आणि धावलो. कोणीतरी म्हणालं, "मेला असंन." मी त्या माणसाचा दंड धरला.

"कोण?"

तो दचकला. "गोऱ्हा. रात्री घसरला खाली. कावून, तुमचा हाये का?"

मी त्याचा दंड सोडला.  मोटारसायकल उचलली. किक मारून ती चालू केली.

घाट जिथे संपतो तिथे रस्ते-खात्याच्या गँगची एक झोपडी होती. तिच्यापुढे, चिंचेखाली, हिरवी गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि वाफ निघत होती. वकीलसाहेब कोट काढून रुमालानं वारा घेत होते. त्यांच्या पत्नी फुलांच्या परडीवर ओलं फडकं टाकत होत्या. बाबा चिंचेच्या मुळावर पंचा अंथरून बसले होते. तिघं. मी तीनदा मोजले.

"अरे, तू?" वकीलसाहेब म्हणाले. "बरं झालं आलास. पाणी उकळतंय. चारदा भरलं, अर्धा मैल जातो की पुन्हा उकळतं. घाट जड गेला बघ तिला."

"साहेब, स्टिअरिंग कसं वाटलं?"

"थोडी डुलते आहे. रस्ताच तसा आहे." मग ते थांबले. "तू इथवर कशाला आलास?"

मी गाडीखाली शिरलो. सळईच्या टोकाला हात लावला. नट शेवटच्या दोन आट्यांवर होता. पाना लागलाच नाही, मी तो दोन बोटांनी फिरवला.

तिथे, गाडीखाली, मला एक गोष्ट स्पष्ट कळत होती. नट आवळायचा, पिन घालायची, बाहेर यायचं आणि म्हणायचं, पाण्याचं पाहायला आलो होतो. कोणालाही कधीच कळलं नसतं. वकीलसाहेबांनी मिस्त्रींपुढे माझी पाठ थोपटली असती. मी नट आवळला, पिन घातली, पक्कडीनं तिचे दोन्ही पाय वाकवले. हे करायला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या तिप्पट वेळ मी तिथे पडून होतो. मग बाहेर आलो आणि सांगितलं. पिन राहिली होती. माझ्या खिशात होती. नट दोन आट्यांवर आला होता.

वकीलसाहेबांना मोटारीचं कळत होतं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. त्यांच्या पत्नींनी विचारलं, "म्हणजे काय झालं असतं?"  वकीलसाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी हिला पन्नासच्या वर पळवली रे. पातूरच्या अलीकडे. गुरुजींना दाखवायला." आणि मग ओरडले, "तुला हात तोडून टाकावेसे वाटतात का स्वतःचे?"

मी उभा राहिलो. बाबा मुळावरून उठले. मला वाटलं, आता सात वर्षांचं साठलेलं सगळं निघणार, आणि तेही परक्यांच्या देखत. ते माझ्याजवळ आले.

"बाकीचं पाह्यलं का?"

"काय?"

"एक चुकलं तर बाकीचंही पाहा लागते. एक ऋचा गेली तर आमी तिथूनच पुढं म्हनत नाही, सुरवातीपासून म्हनतो. तू काय काय उघडलं होतं? सांग. क्रमानं."

"गुरुजी," वकीलसाहेब घड्याळ पाहत म्हणाले, "साडेअकराचा मुहूर्त आहे."

"मुहूर्त माझ्याकडे," बाबा म्हणाले. "त्याले त्याचं करू द्या."

मी पुन्हा खाली गेलो. बाबा गाडीपाशी उकिडवे बसले. मी एकेक नाव घ्यायचो, ते नाव मागून म्हणायचे आणि विचारायचे, "पक्का?" मी हात लावून, पान्यानं ताणून पाहिल्यावरच "पक्का" म्हणायचो. सळईचं डावं टोक. पक्का. उजवं टोक. पक्का. ब्रेकची दोन्ही बाजूंची दोरी. ब्लोअरचे आठ बोल्ट. बाबांना त्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, 'बोल्ट'ला ते 'बोल' म्हणत होते, पण क्रम त्यांनी चुकू दिला नाही. आठात मी सातच म्हटले तेव्हा त्यांनी अडवलं.

"सात झाले. आठवा?"

आठवा पक्का होता. त्याच्या पुढचं नाव आलं, रेडिएटरच्या खालच्या नळीची पट्टी. मी हात लावला आणि ती बोटांनी गोल फिरली. ती मी नुसती अडकवली होती, आवळलीच नव्हती. तीही त्याच वेळी राहिली असणार, वकीलसाहेबांनी हाक मारली तेव्हा. पाणी तिथून गळत होतं. म्हणूनच गाडी तापत होती आणि म्हणूनच थांबत थांबत, चालीच्या वेगानं, त्यांनी घाटाचा शेवटचा भाग चढला होता.

हेही मी सांगितलं. आता वकीलसाहेब ओरडले नाहीत. ते त्या नळीकडे पाहत म्हणाले, "एका चुकीनं दुसरीला धरून ठेवलं म्हणायचं." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

मोटारसायकल मी गँगच्या मुकादमाकडे ठेवली. गाडी मी चालवली. वकीलसाहेबांनी किल्ली माझ्या हातात न देता सीटवर टाकली. वाशीमला पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. वास्तुशांत वेळेवर झाली. मला पंगतीत बसवलं. जेवणानंतर वकीलसाहेबांनी मला अंगणात बोलावलं.

"आम्ही उद्या बसनं येऊ. गाडी अकोल्याला ने. यापुढे हिचं काम अमरावतीला होईल."

"हो साहेब."

तसंच झालं. तीन वर्षं ती गाडी अमरावतीच्या गॅरेजात जात होती. अकोल्याच्या रस्त्यावर ती माझ्या अंगावरून जायची तेव्हा वकीलसाहेब समोर पाहत. मग ब्लोअर पुन्हा घासायला लागला आणि अमरावतीत त्याला हात लावायला कोणी तयार होईना. तेव्हा एके सकाळी त्यांनी गाडी आणून आमच्या दारात उभी केली आणि चावी मिस्त्रींकडे देऊन गेले. माझ्याशी बोलायला त्यांना आणखी काही महिने लागले. मला त्यांचा राग कधी आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर परत आलोच नसतो.

पण मला त्या दिवशीची परतीची वाट सांगायची आहे. बाबांना बसनं जायला सगळ्यांनी सांगितलं. यजमानांनी तिकिटासाठी माणूसही पाठवला होता. बाबा म्हणाले, "मी याच्यासंग येतो," आणि दार उघडून माझ्या शेजारी बसले.

घाट उतरताना मी पंधराच्या वर गेलो नाही. सगळं पक्कं आहे हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात सुटं होईल असं वाटत होतं. घाम कानामागून वाहत होता. बाबा ताठ बसले होते, पिशवी पोटाशी धरून, नजर समोर. ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले आहेत. मग वाटलं, जप करत असतील. ओठही हलत नव्हते. एका वळणावर समोरून भरलेला ट्रक आला आणि मी कडेला घेतली तेव्हा दरीची बाजू त्यांच्याकडे होती. त्यांनी खाली पाहिलं नाही.

पातूरच्या अलीकडे, सपाटीवर आल्यावर, एक विहीर होती. ते म्हणाले, "थांबव जरा."

मी थांबवली. ते उतरले, चार पावलं चालले आणि विहिरीच्या ओट्यावर जवळजवळ पडलेच. मी धावलो.  त्यांनी उपरण्यात हात गुंडाळले होते, तरी ते थरथरत होते हे दिसत होतं. ओठ कोरडे पडले होते.

"बाबा, काय होते?"

"काही नाही." ते ओट्यावर सावरून बसले. "सकाळपासून असंच होऊन राहिलं. तू खाली शिरला होता, तेव्हापासून."

"मग बसनं काहून नाही गेले?"

"तुले एकट्याले उतरवू काय तो घाट?"

मी त्यांच्या पिशवीतून तांब्या काढला, विहिरीवरच्या पोहऱ्यानं पाणी ओढलं. माझे हात तेलानं काळे होते. मी तांब्या दगडावर ठेवून मागे झालो, म्हणजे त्यांनी स्वतः घ्यावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "दे इकडे," आणि हात पुढे केला. मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांचे हात थरथरत होते म्हणून मी तो खालून धरून ठेवला आणि ते पाणी प्याले, सावकाश, सगळं.